खिशातल्या जुन्या संगणकांचे अंधूक पडदे: दोष कुठे असतो आणि उपाय काय

माझे मामा जळगाव तालुक्यातील एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या गाड्या, त्यांचे वजन, खंडीचा भाव, सरकीची विक्री आणि शेतकऱ्यांनी घेतलेली उचल हे सारे ते वहीत लिहीत. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुतण्याने परदेशातून आणून दिलेला खिशातला संगणक त्यांनी वहीच्या जोडीला आनंदाने स्वीकारला आणि पुढे सात-आठ वर्षे मनापासून वापरला. नंतर तो लोखंडी ट्रंकेत गेला. मागच्या मे महिन्यात त्यांनी तो माझ्या हाती दिला तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती, "याची स्क्रीन गेली रे भाऊ, काही होतं का पाह्य."

दोन नवे पेन्सिल सेल घातल्यावर यंत्र सुरू झाले, कळ दाबली की बारीक आवाजही आला, पण पडद्यावर राखाडी धुक्याखेरीज काही दिसेना. माजघरात ते अगदीच कोरे वाटत होते. दारापाशी नेऊन तिरपे धरले तेव्हा मात्र धुक्यातून अक्षरांच्या ओळी वर आल्यासारख्या दिसल्या. म्हणजे स्क्रीन गेलेली नव्हती. ती दिसत नव्हती, आणि या दोन गोष्टींतला फरक समजून घेतला तर जुन्या यंत्रांपैकी बरीचशी न उघडताच सुधारता येतात, असा माझा अनुभव आहे.

हा लेख साधारणपणे १९९० ते २००३ या काळातल्या यंत्रांविषयी आहे. सायन (Psion) या ब्रिटिश कंपनीची सिरीज ३ (१९९१) आणि सिरीज ५ (१९९७), एचपीचे ९५ एलएक्स (१९९१) आणि २०० एलएक्स (१९९४), ॲपलचे न्यूटन (१९९३), १९९६ साली आलेले पाम पायलट आणि त्याची पुढची भावंडे ही त्यातली ठळक नावे. यांपैकी अनेकांच्या पडद्यामागे दिवाच नाही. आज मोबाइलचा पडदा स्वतःच उजळतो याची डोळ्यांना इतकी सवय झाली आहे की त्या काळी चांगला चालणारा पडदासुद्धा आपल्याला आजारी वाटतो. त्यामुळे आधी चांगला पडदा किती उजळ असतो, हे पाहिले पाहिजे.

या पडद्यांत काचेच्या दोन पातळ तुकड्यांमध्ये द्रवस्फटिक भरलेले असते. फ्रिड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ मध्ये हा पदार्थांचा चमत्कारिक प्रकार प्रथम जाणवला: पाण्यासारखा वाहणारा, पण आतले रेणू स्फटिकासारखे एका दिशेला तोंड करून असणारा. (आपल्याकडेही या विषयावर मोलाचे काम झाले, सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंची द्रवस्फटिके शोधून काढली.) काचांच्या पुढे आणि मागे पोलरायझर नावाची एकेक फिल्म चिकटवलेली असते. पोलरायझर म्हणजे प्रकाशासाठी लावलेले गज. एका दिशेने कंप पावणारा प्रकाश त्यातून जातो, त्याला काटकोनात असलेला अडतो. मधले द्रवस्फटिक प्रकाशाची ही दिशा वळवते आणि विजेचा दाब दिला की वळवण्याचे काम सोडून देते. ज्या ठिकाणी दाब दिला तिथे प्रकाश मागच्या फिल्मवर अडतो आणि तो ठिपका आपल्याला काळा दिसतो. द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही आणि शाईसारखे काळेही होत नाही. ते केवळ दार उघडते किंवा लावते.

दिवा नसलेल्या पडद्यात सर्वांत मागे चंदेरी परावर्तक असतो. खोलीतला उजेड पुढून आत शिरतो, परावर्तकावर आपटतो आणि त्याच वाटेने बाहेर येतो. या प्रवासात किती उजेड उरतो याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. शंभर भाग उजेड पडला असे धरले, तर पहिल्याच पोलरायझरमध्ये निम्म्याहून अधिक खर्ची पडतो आणि पंचेचाळीसच्या आसपास उरतो. मागचा पोलरायझर, परावर्तक आणि परतीच्या वाटेवरचे दोन्ही पोलरायझर आपापली दस्तुरी कापून घेतात, आणि डोळ्यांपर्यंत जेमतेम पंचवीस-तीस भाग पोहोचतात. साधा पांढरा कागद ऐंशीच्या घरात भाग परत देतो. म्हणजे जो पडदा आपण पांढरा समजतो तो नवा असतानाच कागदाच्या तुलनेत एक तृतीयांश उजळ होता. त्यावर लेखणीने लिहिण्यासाठी स्पर्शाचा थर असेल तर जाताना वीस टक्के आणि येताना वीस टक्के आणखी कमी होतात, आणि हाती अठरा भाग लागतात. रंगीत पडद्याची तर गोष्टच वेगळी, कारण प्रत्येक बारीक खिडकीवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते आणि ती उरलेल्या दोन रंगांचा उजेड गिळून टाकते. २००१ चा गेम बॉय ॲडव्हान्स (हातात धरून खेळायचे यंत्र) दिव्याविना रंगीत पडदा घेऊन आला आणि अंधूकपणासाठीच लक्षात राहिला.

मग मागे दिवा का दिला नाही, असा प्रश्न येतो. काही यंत्रांत तो दिला गेला, पण त्याची किंमत पडद्यानेच मोजली. मागून दिव्याचा उजेड यायला हवा तर परावर्तक पूर्ण अपारदर्शक ठेवता येत नाही, तो थोडा परावर्तक आणि थोडा पारदर्शक करावा लागतो. दाराला लावलेल्या जाळीसारखे हे आहे: दिवसा अंगणातून पाहिले तर जाळीच दिसते, रात्री घरात दिवा लागला की आतले दिसते, आणि तिन्हीसांजेला धड एकही दिसत नाही. दिवा असलेल्या यंत्राचा पडदा दिव्याविना पाहिला तर बिनदिव्याच्या भावंडाहून काळपट वाटतो तो यामुळे. तो दोष नाही, तडजोड आहे, आणि ती कोणत्याही दुरुस्तीने जाणार नाही.

आता त्या गोष्टीकडे वळू जी खानदेशात इतर कुठल्याही मुलखापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते, ती म्हणजे कॉन्ट्रास्ट, अर्थात पडद्याला मिळणारा दाब कमीजास्त करून अक्षरे पार्श्वभूमीवर उठून दिसतील असे करण्याची सोय. पडद्यावर दोनशे आडव्या ओळी असतील तर प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र तार देणे अशक्य असते, म्हणून ओळींना आळीपाळीने वीज दिली जाते. प्रत्येक ओळीच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो आणि उरलेल्या वेळात शेजारच्या ओळींसाठी दिलेला दाब तिलाही थोडाथोडा लागतच राहतो. ॲल्ट आणि प्लेश्को या दोन संशोधकांनी १९७४ मध्ये याचे गणित मांडले. त्या गणितानुसार दोनशे ओळी एका फेरीत चालवायच्या असतील, तर काळ्या ठिपक्याला मिळणारा सरासरी दाब आणि पांढऱ्या ठिपक्याला मिळणारा सरासरी दाब यांत जास्तीत जास्त सात टक्क्यांचा फरक ठेवता येतो. केवळ सात टक्के. पूर्वीच्या घड्याळांत आणि कॅल्क्युलेटरांत वापरलेले नव्वद अंश वळणाचे द्रवस्फटिक एवढ्याशा फरकाने धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही. म्हणून १९८० च्या दशकात एसटीएन नावाचा अधिक वळण दिलेला प्रकार आला, जो थोड्या फरकानेही झटकन बाजू बदलतो. खिशातल्या बहुतेक जुन्या संगणकांत हाच प्रकार आहे.

अडचण अशी की द्रवस्फटिकाला वळायला लागणारा दाब तापमानाबरोबर बदलतो. तापमान एका अंशाने चढले की हा दाब साधारण पाव ते अर्धा टक्का उतरतो. धुळ्यात थंडीच्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात तो पंचेचाळीसपर्यंत चढतो. हा फरक पस्तीस अंशांहून अधिक आहे, म्हणजे लागणाऱ्या दाबातला फरक नऊ ते सतरा टक्के झाला. ज्या पडद्याच्या काळ्या-पांढऱ्यात सात टक्क्यांचेच अंतर आहे त्याला हा बदल झेपणे शक्य नाही. काही यंत्रांत तापमान ओळखून दाब आपोआप सावरणारी जोडणी असते, पण ती मर्यादितच सावरते. म्हणून जानेवारीत नीट बसवलेला कॉन्ट्रास्ट मे महिन्यात पार्श्वभूमीसकट सारे काळे करून टाकतो, आणि मे महिन्यात बसवलेला जानेवारीत कोरा कागद दाखवतो. थंडीत अक्षरे उमटायलाही वेळ लागतो, कारण द्रव घट्ट होतो.

मामांच्या यंत्राच्या कडेला कॉन्ट्रास्टचे दातेरी चाक आहे. ते पुसताना मला चाकाशेजारच्या प्लास्टिकवर नेलपॉलिशचे दोन ठिपके आढळले, एक लाल आणि एक गुलाबी. विचारल्यावर मामींनी हसून कबुली दिली की ते ठिपके त्यांच्याच बाटल्यांतले आहेत: लाल उन्हाळ्याचा, गुलाबी हिवाळ्याचा. एसटीएनचे गणित ठाऊक नसताना मामांनी ते असे जागेवर सोडवले होते.

यावरून पहिली तपासणी कॉन्ट्रास्टची करावी हे उघड आहे, आणि ती यंत्र अर्धा तास सावलीत ठेवल्यावर करावी. चाक किंवा कळा वापरून कॉन्ट्रास्ट अगदी टोकापर्यंत वाढवावा. निरोगी पडदा त्या टोकाला संपूर्ण गडद होतो आणि दुसऱ्या टोकाला संपूर्ण फिका पडतो. दोन्ही टोके गाठता आली तर काच, द्रवस्फटिक आणि त्यांना वीज पुरवणारा भाग ठीक आहेत. तक्रार उजेडाची किंवा फिल्मची आहे. गडद टोक गाठताच येत नसेल, तर पडद्याला पुरेसा दाब मिळत नाही. काही ओळीच गायब असतील, किंवा झाकण हलवल्यावर त्या येत-जात असतील, तर बिजागरीतून जाणारी चपटी केबल तुटत आली आहे. त्याचा अंधूकपणाशी संबंध नाही.

मामांच्या यंत्राचे गडद टोक गाठता येत नव्हते. दोन पेन्सिल सेल मिळून तीन व्होल्ट देतात, परंतु एसटीएन पडद्याला पंधरा ते पंचवीस व्होल्टच्या घरातला दाब लागतो, आणि बऱ्याच यंत्रांत तो ऋण असतो. हा दाब यंत्रातलाच एक छोटा भाग तयार करतो आणि तो स्थिर ठेवण्याचे काम तिथले कपॅसिटर करतात. त्या काळचे पत्र्याच्या डबीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पंचवीस-तीस वर्षांत सुकतात किंवा पाझरतात. पाझरलेल्या कपॅसिटरला मासळीसारखा वास येतो आणि त्याखालच्या तांब्याच्या रेषा काळवंडतात. मल्टिमीटरने मोजले तेव्हा मामांच्या यंत्रात जेमतेम अकरा व्होल्ट होते. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका कारागिराने दोन कपॅसिटर बदलून दिले आणि दाब अठरावर आला. येथे एक सूचना केलीच पाहिजे: जुने सेल काढून नवे घालण्याआधी हा सारा खटाटोप करू नये, कारण अर्धवट संपलेल्या सेलांवरही असाच फिकटपणा दिसू शकतो, आणि त्याचा उपाय किराणा दुकानात मिळतो.

दोन्ही टोके गाठूनही पडदा पिवळट, तपकिरी किंवा डागाळलेला दिसत असेल तर संशय पोलरायझरवर घ्यावा. ही फिल्म आयोडीन मुरवलेल्या प्लास्टिकची असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ॲसिटेट जातीच्या प्लास्टिकचे अस्तर असते. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की हे अस्तर कुजते आणि त्यातून व्हिनेगरचे आम्ल सुटते. झाकण उघडताच आंबूस वास आला तर निदान झालेच म्हणून समजावे. सुटलेली वाफ कोंडून राहिली तर कुजण्याचा वेग वाढतो. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असतो, पण मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालची ट्रंक जुलैत ओल धरते, आणि तीत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेले यंत्र दोन्ही ऋतूंचा मार खाते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी सोबत ठेवून, हवा खेळणाऱ्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवणे बरे.

फिल्म जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी दुसरा पोलरायझर लागतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर उत्तम. नसेल तर बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्म सोलून घ्यावी. ती यंत्राच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवली की एका विशिष्ट कोनात पडदा जवळजवळ काळा होतो. जिथे तो काळा न होता तपकिरी किंवा उजळ राहतो तेवढी जागा मेलेली आहे. स्पर्शाचा थर असलेल्या पडद्यावर या वेळी इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसू शकतात. त्यांनी घाबरून जाऊ नये, तो थराच्या प्लास्टिकचा गुण आहे.

पोलरायझर बदलता येतो. जुनी फिल्म कोपऱ्यातून उचलून अतिशय सावकाश सोलायची, काचेवर उरलेला चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून काढायचा, आणि नवी फिल्म त्याच कोनात बसवायची. सांगायला हे सोपे आहे. अडचण एसटीएनच्या पडद्यांत येते, कारण शुद्ध काळे-पांढरे दिसावे म्हणून त्यांतल्या अनेकांत पोलरायझरच्या सोबत रंगछटा दुरुस्त करणारी आणखी एक फिल्म चिकटवलेली असते. सोलताना तीही निघून आली तर नव्या पोलरायझरने चित्र दिसते खरे, पण निळे किंवा पिवळसर हिरवे. मी एका यंत्राची अशीच निळाई करून बसलो आहे. तेव्हा डाग कडेला असतील आणि वाचनात अडथळा येत नसेल तर फिल्मला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला दिवा. एकरंगी पडद्यांच्या यंत्रांत तो बहुधा इलेक्ट्रोल्युमिनेसंट जातीचा, म्हणजे विजेने चमकणाऱ्या पत्रीचा असतो. जॉर्ज देस्त्रिओ यांनी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये या प्रकारची चमक प्रथम नोंदवली. तांब्याचा अंश मिसळलेल्या झिंक सल्फाइडची भुकटी दोन पातळ थरांत दाबलेली असते आणि तिला शंभर व्होल्टच्या आसपासचा, दर सेकंदाला काही शे वेळा दिशा बदलणारा दाब दिला की ती निळसर हिरवी उजळते. यंत्र कानाशी धरल्यावर डासासारखी गुणगुण ऐकू येते ती याच दाबाची. म्हणून तपासणी सोपी आहे: पूर्ण अंधाऱ्या खोलीत दिवा लावावा, गुणगुण आहे पण उजेड क्षीण आहे, तर पत्री थकली आहे, गुणगुणही नाही, तर दाब तयार करणारा भाग बंद आहे किंवा सेल कमजोर असल्यामुळे यंत्राने दिवा लावायचे नाकारले आहे. ही पत्री वापराबरोबर विझत जाते, काही हजार तासांत तिचा उजेड निम्म्यावर येतो, आणि आत ओल शिरली तर काळे ठिपके पडतात. तिला परत तेज आणण्याची कोणतीही युक्ती नाही. दाब वाढवला तर ती चार दिवस जोरात उजळते आणि मग लवकर संपते.

नवी पत्री मिळते आणि कात्रीने हव्या त्या आकारात कापताही येते, पण कापलेली कड पारदर्शक चिकटपट्टीने नीट झाकावी लागते. ओल तिथूनच शिरते, आणि उघड्या कडेला बोट लागले तर झटकाही बसतो. त्याऐवजी एलईडीची पाटी बसवण्याकडे हल्ली अनेकांचा कल असतो. १९८९ च्या पहिल्या गेम बॉयवर हा प्रयोग जगभर असंख्य लोकांनी केला आहे: पडद्यामागचा चंदेरी परावर्तक सोलायचा आणि तिथे एलईडीची उजळ पाटी सरकवायची. गेम बॉयच्या जाड खोक्यात ती मावते. पातळ झाकणाच्या संगणकात मात्र पत्रीच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागेत एक मिलिमीटरची पाटी कोंबली जाते आणि झाकण मिटताना काचेवर ताण येतो. शिवाय परावर्तक सोलला की उन्हातले वाचन कायमचे जाते, म्हणजे ज्या एका बाबतीत हे यंत्र आजच्या मोबाइलपेक्षा सरस आहे तेच आपण काढून घेतो. रंगीत पडद्यांच्या अनेक यंत्रांत दिव्याची बारीक नळी असते आणि तिला कित्येक शे व्होल्ट लागतात. सवय नसेल तर ते खोके उघडू नये.

न उघडता करण्यासारखेही बरेच आहे, आणि ते फार लोक करत नाहीत. उजेड समोरून नव्हे, खांद्यावरून पडद्यावर यावा. पुस्तकाला लावायचा चिमट्याचा छोटा दिवा झाकणाच्या वरच्या कडेला लावला तर पडद्याचा कोन असा बदलावा की दिव्याचे प्रतिबिंब हनुवटीच्या खाली जाईल. पडद्यावर चिकटवलेली जुनी, ओरखडलेली संरक्षक फिल्म काढून टाकावी. तिच्यावर पसरणारी धूसर चकाकी काळ्या अक्षरांना राखाडी करते. यंत्रात अक्षरे मोठी किंवा ठळक करण्याची सोय असेल, जशी २०० एलएक्समध्ये आहे, तर ती वापरावी. आणि मोटारीच्या काचेखाली उन्हात यंत्र कधीही ठेवू नये. ठरावीक तापमानापुढे द्रवस्फटिकाचे रेणू शिस्त मोडून साध्या द्रवासारखे होतात आणि सारा पडदा एकसारखा काळा पडतो. थंड झाल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो, पण पोलरायझरला बसलेला चटका तसाच राहतो.

मामांच्या यंत्रात मी दिवा बसवला नाही. कपॅसिटर बदलल्यानंतर जुना लाल ठिपका चार दाते चुकीचा ठरला, कारण नव्या कपॅसिटरांनी दाब पूर्वीपेक्षा थोडा अधिक दिला. मामांनी ओसरीवर बसून, चष्मा कपाळावर ढकलून, चाक मागेपुढे करत २००३ सालच्या हंगामातली एका शेतकऱ्याची उचल शोधून काढली, आणि मग मामींना हाक मारून नेलपॉलिशची बाटली मागितली.